ऑडिओग्राम नॉर्मल, पण गर्दीत शब्द लागत नाहीत. मुंबईत कुणाला दाखवू?

ताशेवाली
सहा वर्षं गिरगावातल्या पथकात ताशा वाजवतेय. गेल्या विसर्जनाच्या रात्री उजव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, दोन दिवसांनी गेली. तेव्हापासून गंमत अशी की घरात टाचणी पडली तरी ऐकू येते, पण दादरच्या पुलावर शेजारून चालणारी मैत्रीण बोलली की आवाज येतो, शब्द लागत नाहीत. सासूबाई म्हणतात, तुझं लक्ष नसतं.
घराजवळ एका क्लिनिकमध्ये ऑडिओग्राम काढला. दोन्ही कान १५ डेसिबलच्या आत. डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." वर "नसेच्या रिसेप्टरचं काही असू शकेल" असं दारातूनच म्हणाले आणि नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. कानात रिसेप्टर कसले? गोळ्या घेऊ का? पुढे कुठे जाऊ? बोरिवलीपलीकडे नको.

मीठभाकर
कापूस घालून वाजवा. आमच्या पथकात सगळे तेच करतात.

कर्णपिशाच्च
मीठभाकर, कापसाने आवाज जेमतेम कमी होतो, ताशापुढे ते काहीच नाही. (आयडीवर जाऊ नका, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते.)

ताशेवाली, डॉक्टर दारातून बोलले ते खरं तर खुर्चीत बसून सांगायला हवं होतं. आतल्या कानात, शंखासारख्या कॉक्लियात, ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात साधारण ३,५०० असतात. आवाजाने त्यांचे केस वाकले की पेशीच्या तळाशी ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं. पलीकडे श्रवणनसेच्या तंतूचं टोक असतं आणि त्यावर ग्लुटामेट पकडणारे एएमपीए रिसेप्टर. त्यांनी पकडलं की तंतू मेंदूकडे संदेश पाठवतो. एकेका पेशीला असे दहा-वीस तंतू चिकटलेले असतात.

आवाज प्रचंड झाला की ग्लुटामेटचा पूर येतो, रिसेप्टर उघडेच राहतात, तंतूचं टोक फुगतं आणि पेशीपासून सुटतं. पेशी मात्र शाबूत. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. कान काही दिवसांत पूर्ववत झाले, पण कॉक्लियाच्या काही भागात निम्म्याच्या आसपास जोड कायमचे गेले होते. माणसाच्या जिवंत कानात हे जोड मोजता येत नाहीत, म्हणून तुमचं हेच झालंय असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. लक्षणं मात्र त्या चित्रात बसतात.

ऑडिओग्राम का फसतो? तो शांत खोलीत बारीक आवाज ऐकवतो. त्याला बारीक आवाजालाही जागे होणारे मोजके तंतू पुरतात. गर्दीत ते गोंगाटानेच भरून जातात, तिथे मोठ्या आवाजालाच जागे होणारे तंतू कामाला येतात आणि गिनीपिगांवरच्या प्रयोगात आधी गेले ते हेच.

गोळ्यांबद्दल: नसांच्या गोळ्यांत बहुतेकदा बी-१२ व्हिटॅमिन असतं; ते खरंच कमी असेल तर भरून काढा. सुटलेला जोड परत लावणारं औषध आज बाजारात नाही.

पार्लेकर_बंड्या
वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, कानाचंच काम. नायर हॉस्पिटलमध्येही ऑडिओलॉजीचा (श्रवण तपासणीचा) विभाग आहे. आईला रेक्लमेशनला नेलं होतं. रांग असते, सकाळी लवकर जा, डबा घेऊन.

कर्णपिशाच्च
+१. तिथे गेल्यावर नुसतं "ऐकू येत नाही" म्हणू नका, परत तोच ऑडिओग्राम निघेल. "गोंगाटात बोलणं कळत नाही" असं सांगा आणि गोंगाटातल्या शब्दांची चाचणी, ओएई (कानातून उलट येणारा बारीक आवाज टिपणारी चाचणी), ८,००० हर्ट्झच्या वरचा ऑडिओग्राम आणि बेरा (डोक्याला तारा लावून श्रवणनसेचा संदेश मोजणारी चाचणी) यातलं काय काय होईल ते विचारा. आणि कधी एक कान अचानक बधिर झाला तर धागा काढत बसू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू करावी लागतात.

खोडसाळ
पण कानाला स्वतःचा ब्रेक असतो ना?

कर्णपिशाच्च
असतो, आणि फार सुंदर आहे! मेंदूकडून उलट येणाऱ्या नसा बाहेरच्या केसपेशींवर (या वेगळ्या, कॉक्लियात आवाज वाढवून देणाऱ्या) असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतात. हेच रसायन स्नायूला आकुंचन पावायला लावतं, इथे मात्र पेशीला गप्प करतं. कारण इथला अल्फा-९ अल्फा-१० रिसेप्टर कॅल्शियम आत घेतो, त्याने शेजारची पोटॅशियमची वाट उघडते आणि पेशी थंडावते. पण तीन तासांच्या मिरवणुकीपुढे तो ब्रेक अपुरा. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास, १०० डेसिबल पंधरा मिनिटं, असा हिशोब धरतात.

ताशेवाली
सगळ्यांचे आभार. मंगळवारी रेक्लमेशनला जाऊन आले. गोंगाटातल्या चाचणीत उजवा कान मागे पडला, बेराची तारीख मिळाली. फोमचे बोळे घेतलेत. बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं; मी आधी नुसते कोंबत होते. सरावाला घातले तर ताशा शेजारच्या इमारतीत वाजतोय असं वाटलं, दोनदा ठेका चुकला, पोरं हसली. पाडव्याच्या शोभायात्रेला यंदा ताशा नाही, ध्वज घेतेय. बोळे तेव्हाही कानात. ढोल मागेच असतात.