एमएसमध्ये मायक्रोग्लिया दाबून टाकाव्यात की त्यांना काम करू द्यावे?

शुभदा, मुलुंड:
माझ्या धाकट्या भावाला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, आहे. त्याचा एमआरआय नुकताच परळला झाला. मेंदूतील काही डागांभोवती गडद कडा असल्याची नोंद अहवालात आहे आणि त्या कडांवर मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी, अजून चेतलेल्या असाव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले. मी वाचू लागले, तर एका लेखात या पेशी मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवरील वेष्टणाचा, नाश करतात असे होते आणि दुसऱ्यात त्यांच्याविना मायलिनची दुरुस्ती नीट होत नाही असे. मग रुग्णाचे हित कशात आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निनाद, चेंबूर:
शुभदाताई, दोन्ही विधाने खरी आहेत. मायलिनचे वेष्टण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी घालतात. ते तुटले की त्याचे स्निग्ध तुकडे तिथेच साचतात आणि या तुकड्यांमुळे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींना परिपक्व होता येत नाही. जुनी चाळ पाडल्यावर राडारोडा उचलल्याशिवाय नव्या इमारतीचा पाया खणता येत नाही, तसेच हे आहे; आणि तो उचलण्याचे काम मायक्रोग्लिया व रक्तातून आलेल्या भक्षकपेशी करतात. त्यासाठी लागणाऱ्या ट्रेम-२ या रिसेप्टरचे, म्हणजे पेशीवरील संदेशग्राहक प्रथिनाचे, जनुक जन्मतः निकामी असेल, तर नासू-हाकोला हा दुर्मीळ आजार होतो आणि तिशी-चाळिशीतच स्मृतिभ्रंश गाठतो.

खरी अडचण गिळण्यापेक्षा पचवण्यात आहे. मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर असते, ते पेशीला मोडता येत नाही, बाहेरच टाकावे लागते. वयस्क उंदरांच्या भक्षकपेशींना हे झेपत नाही, कोलेस्टेरॉलचे आतच स्फटिक होतात, दाह पेटता राहतो आणि दुरुस्ती अडते, असे २०१८ साली दिसून आले. त्याआधी २०१३ मध्ये उंदरांवरच असे आढळले होते, की दुरुस्ती सुरू होताना मायक्रोग्लिया दाहक अवस्थेतून पोषक अवस्थेत जातात, आणि नेमक्या त्या वेळी त्या काढून टाकल्या, तर नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होण्यात खंड पडतो. म्हणून या पेशी सरसकट दाबून टाकण्याचा विचार मला धोक्याचा वाटतो. त्या कोणत्या अवस्थेत अडकल्या आहेत, हे महत्त्वाचे.

अनघा, दादर (न्यूरॉलॉजी विभाग):
निनाद यांच्याशी सहमत आहे. कडेविषयी थोडे सांगते. तिथल्या पेशींत लोह साठलेले असते, म्हणून विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये ती गडद दिसते. असे डाग वर्षानुवर्षे धुमसतात आणि हळूहळू पसरू शकतात. सध्याची बहुतेक औषधे रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आवरतात. उदाहरणार्थ, ऑक्रेलिझुमॅब हे औषध लिम्फोसाइटपैकी बी-पेशी कमी करते. त्यामुळे नवे झटके चांगले थांबतात, पण कडेवरचा दाह फारसा शमत नाही. टोलेब्रुटिनिब हे औषध मात्र मेंदूत शिरते आणि मायक्रोग्लिया न मारता त्यांच्यातील बीटीके हे त्यांना चेतवणारे एन्झाइम रोखते. झटके थांबूनही आजार वाढत राहिलेल्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले, त्यात अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला. यकृताला गंभीर इजा होण्याची शक्यता ही त्याची मोठी उणी बाजू.

शुभदा, मुलुंड:
दोघांचेही मनापासून आभार. व्हॉट्सॲपवरील एका गटात ॲलर्जीच्या क्लेमास्टिन गोळीने मायलिन परत येते असे सांगतात. भावाला द्यावी का?

अनघा, दादर:
ताई, स्वतःहून मुळीच देऊ नका. २०१७ साली एका लहान चाचणीत या गोळीमुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे संदेश किंचित वेगाने पोहोचू लागले होते, हे खरे आहे. पण पुढे झटके नसलेल्या एमएसमध्ये तीच गोळी दिल्यावर काही रुग्णांचे अपंगत्व झपाट्याने वाढले आणि त्या गटातील उपचार थांबवावे लागले. दाह धुमसत असताना हे औषध अपाय करू शकते, आणि आपल्या भावाच्या अहवालात तर गडद कडाच नोंदलेल्या आहेत. पुढच्या भेटीत जुना आणि नवा एमआरआय शेजारी ठेवून डाग वाढले आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.