निन्टेंडोचा वी आजीआजोबांना नेमका विकला कसा?

शंकासुर:
मंडळी, एमबीएचं दुसरं वर्ष चालू आहे, पुढच्या आठवड्यात केस स्टडी सादर करायचीय आणि मी निन्टेंडो वी (टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल) घेतलाय. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३) आणि वी एकाच आठवड्यात आले, पीएस३ ४९९ आणि ५९९ डॉलरला, वी २५० ला. आमचे सर म्हणतात स्वस्त होता म्हणून खपला, विषय संपला. मला काही पटेना, कारण निन्टेंडोचाच २००१ मधला गेमक्यूब तर १९९ ला आलेला आणि तो जेमतेम २ कोटी १७ लाख गेला, वी १० कोटींच्या वर! ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही त्यांनी हा का घेतला? तेव्हा कोणी प्रत्यक्ष बघितलंय का?

जर्सीकर_मावशी:
बघितलंय म्हणजे काय, आमच्याच घरात होता. २००७ च्या उन्हाळ्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेले. बाबांना अमेरिकेत करमायचं नाही, सकाळी एक चक्कर मारली की दिवसभर खिडकीत. नवऱ्याने वी आणला तर नाव ऐकून बाबा म्हणाले, "कोण व्यायली?" 😄 पण सोबत वी स्पोर्ट्स फुकट होता, त्यातलं बोलिंग लावून रिमोट त्यांच्या हातात दिला, फक्त हात मागे न्या आणि सोडा एवढंच सांगितलं. तिसऱ्या बॉलला स्ट्राइक पडला आणि मग संध्याकाळचा चहा झाला की स्वतःच टीव्ही लावून बसायचे. एकदा मनगटाची दोरी न अडकवता असा काही हात फिरवला की रिमोट थेट दिव्याच्या शेडमध्ये. आई म्हणाली या वयात कसले धंदे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टेनिस खेळत होती.
टीव्हीवरची जाहिरातही आठवते, दोन जपानी माणसं छोट्याशा गाडीतून दारोदार जातात, वाकून नमस्कार करतात आणि "वी वुड लाइक टू प्ले" म्हणत रिमोट पुढे करतात. मग सगळं घर हॉलमध्ये उड्या मारतंय. कॅमेरा गेमपेक्षा जास्त त्या घरातल्या माणसांवर. आम्ही बघताना म्हणायचो, अगं ही तर आपल्या शेजारच्या काकूंसारखी.

काउंटरवाला:
मावशींनी बरोब्बर सांगितलं, मी दुसऱ्या टोकाने सांगतो. २००९-१० ला मुंबईत एका मॉलमध्ये गेम्सच्या काउंटरवर उभा असायचो. त्याच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलच्या जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराज सिंगला घेतलेलं, पोरं खूश, पण पाकीट बापाच्या खिशात ना! बाप येऊन पहिला प्रश्न विचारणार, याने अभ्यास बुडेल का. आणि डेमोला आईच्या हातात पीएस२ चा कंट्रोलर दिला की दोन काड्या, डझनभर बटणं बघून ती तो गरम तव्यासारखा पोराकडे सरकवणार, "नको बाई, माझ्याकडून बिघडेल काहीतरी". सोनीने देसी अड्डा नावाचा गेम काढला होता, कबड्डी, पतंग वगैरे. कल्पना छान, पण कंट्रोलर तोच, आई काय हात लावेना.
पण सिंगस्टार बॉलिवूड हा गाण्याचा गेम लावला आणि माइक दिला की तीच आई पदर खोचून उभी! माइक कसा धरायचा हे कोणाला शिकवावं लागत नाही. वी चं तेच, तो टीव्हीच्या रिमोटसारखा दिसतो आणि नावही रिमोटच ठेवलं, तेव्हाचे निन्टेंडोचे प्रमुख इवाता यांचा तसा आग्रहच होता. तुझ्या सरांना सांग, किंमत दारापर्यंत आणते, आत आणतो तो हात.

खवचट_बोका:
गोड गोड चाललंय म्हणून विघ्न आणतो. मावशी, खरं सांगा, बोलिंगनंतर किती गेम विकत घेतले?

जर्सीकर_मावशी:
😅 एकच, वी फिट, २००८ मध्ये. व्यायामाचा गेम, सोबत उभं राहायचा पाट. त्या पाटावर एकदा वजन बघितलं आणि पाट सोफ्याखाली गेला.

खवचट_बोका:
हेच म्हणतोय. असं गिऱ्हाईक एकदाच येतं. २०१२ ला वी च्या पुढचा कन्सोल वी यू आला, नाव जवळपास तेच, आणि २०११ ला पहिल्यांदा दाखवला तेव्हा सगळा झोत त्या स्क्रीनवाल्या गेमपॅडवर, अर्ध्या लोकांना वाटलं जुन्या वी ला जोडायचं काहीतरी आहे. शौकीन माणूस शोधून काढेल, मावशींना कोण सांगणार की हा वेगळा डबा आहे? शेवटी १ कोटी ३५ लाखांवर आटोपला. शिवाय हातात परत तीच बटणं आणि काड्या, वर स्क्रीनपण. काउंटरवाल्याच्या भाषेत, माइक काढून घेतला आणि पुन्हा कंट्रोलर दिला. तोपर्यंत मावशींच्या पर्समध्ये स्मार्टफोन आलेला, त्यात फुकट गेम. शंकासुर, हा भाग टाळलास तर प्रेझेंटेशन अर्धंच होईल.

काउंटरवाला:
बोका खवचट आहे पण बरोबर आहे.

शंकासुर:
कमाल आहात राव. आता असं करतो, आधी कुठलीच स्लाइड नाही, थेट सरांच्या हातात पीएस२ चा कंट्रोलर देतो, मग मित्राकडचा जुना वी रिमोट, आणि वर्गाला बघू दे.

जर्सीकर_मावशी:
दे, पण दोरी अडकवायला सांग. प्रोजेक्टर कॉलेजचा आहे.