मदत हवी आहे: अडतीच्या ॲपमध्ये कन्नड, तेलुगू आणि उर्दू

नमस्कार मंडळी. उदगीरच्या मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) अडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानांसाठी, आम्ही अँड्रॉइड ॲप चालवतो. आवक, सौदा, पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती), उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) सगळं त्यात आहे, पण फक्त मराठी आणि इंग्रजीत. बिदरकडून येणारा शेतकरी कन्नड वाचतो, देगलूर-धर्माबादकडचे बरेच जण तेलुगू. हमाली-तोलाई किती कापली, हे त्याला स्वतःच्या भाषेत वाचता आलंच पाहिजे. दुसऱ्याला विचारायची वेळ का यावी?

कन्नड-तेलुगूसाठी मोंढ्याचा व्यवहार जाणणारा माणूस हवा आहे, मानधन देऊ. मशीनचं भाषांतर हिशोबाच्या कागदावर मला नको.

खरी अडचण उर्दूची आहे. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच राहतात, त्यामुळे वजा रकमेचं चिन्ह भलत्या बाजूला जातं. नस्तालिक या उर्दूच्या लेखनशैलीला ओळीची उंची जास्त लागते, म्हणून बटणांवर अक्षरं कापली जातात. कुणी हे सोडवलंय का? आणि थर्मल प्रिंटरवर या लिप्या तुम्ही फॉन्टने छापता की पट्टीचं चित्र करून?

सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायच्या आत निदान कन्नड तरी द्यायचं आहे. माहितीतलं कुणी असेल तर जरूर सांगा.