दाराचे कुलूप बसवायला सोपे हवे, की बसवणारा कसबी हवा?

उंबरठा
गेल्या महिन्यात मुख्य दाराला मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या कडेत खाच कोरून आत बसवायचे कुलूप, बसवून घेतले. ३५ मिलिमीटर जाडीच्या सपाट, बिनपॅनेलच्या फ्लश दारात सुमारे १५ मिलिमीटर जाडीची पेटी रुतवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दहा-दहा मिलिमीटर लाकूड उरते. सुताराची पटाशी किंचित तिरकी गेली आणि सनमायका फोडून बाहेर आली. त्याला बोल लावून मोकळे होता आले असते. पण ज्या वस्तूच्या बसवणीत दोन-तीन मिलिमीटरची चूकही खपत नाही, तिच्या रचनेतच दोष आहे असे माझे मत झाले आहे.

अमेरिकेत वॉल्टर श्लेग यांनी १९२० च्या दशकात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. दाराच्या अंगात एक गोल भोक, कडेतून त्याला काटकोनात मिळणारे दुसरे लहान भोक, आणि दोन स्क्रूंनी आवळलेले कुलूप. खाच कोरायची गरजच नाही. पुढे ही मापे तिकडे इतकी रुळली की कारखान्यातूनच भोके पाडलेली दारे येतात आणि घरमालक स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुलूप बदलतो. आपल्या उत्पादकांनीही एकच माप ठरवून तीच वाट धरावी.

रंधा
लाकूडकामात माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. आपण म्हणता ते मोठे भोक ५४ मिलिमीटरचे असते आणि त्याचा मध्य कडेपासून ६० किंवा ७० मिलिमीटरवर येतो. साठ धरले तरी ते कडेपासून ३३ ते ८७ मिलिमीटरपर्यंत पसरते. आपल्याकडील पॅनेलच्या सागवानी दाराची उभी पट्टी चार इंचांची असेल, तर भोकापलीकडे चौदा-पंधरा मिलिमीटर लाकूड राहिले. ज्या जागी दाराला सर्वांत जास्त बळ हवे, तिथेच आपण ते पोखरले. शिवाय जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली दारे कारखान्यातून आलेली नाहीत. एका दारासारखे दुसरे दार नाही. तिथे एकच माप कोणाच्या उपयोगाचे? पटाशी तिरकी गेली, कारण हात कच्चा होता. कुलपाला दोष देऊ नये.

कोयंडा
मला वेगळीच हरकत घ्यायची आहे. सोपेपणाची किंमत अनेकदा सुरक्षेने चुकवावी लागते. युरोपीय घाटाचे सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती कुलपाची नळी, पाहा: कडेतून एक स्क्रू काढला, किल्ली जराशी फिरवली, की संपूर्ण सिलिंडर हातात येते. बदलायला इतके सोपे दुसरे काही नसेल. पण त्याच स्क्रूचे भोक सिलिंडरच्या मधोमध असते, धातू तिथेच सर्वांत पातळ असतो, आणि सिलिंडर दाराबाहेर डोकावत असेल तर पकडीने धरून तिथेच मोडता येते. ब्रिटनमध्ये या प्रकाराने इतका त्रास दिला की मुद्दाम आधीच तुटणारी खाच ठेवून आतला भाग वाचवणारी सिलिंडरे करावी लागली. त्या मानाने आपला कडी-कोयंडा ओबडधोबड खरा. पण नट-बोल्ट आरपार घालून आतून आवळला, तर तो उपटायला चोराला घाम फुटतो.

उंबरठा
रंधा यांचा उभ्या पट्टीचा हिशोब मला मान्य आहे. पॅनेलच्या दारांसाठी माझी सूचना मागे घेतो. परंतु नव्या इमारतींत शेकडो सदनिकांना एकाच मापाची फ्लश दारे लागतात, तिथे ही अडचण उरत नाही. कोयंडा यांच्याबद्दल म्हणायचे, तर त्यांनी दाखवलेला दोष सोपेपणाचा जितका आहे तितकाच मापाचा आहे: दाराच्या जाडीला जुळणाऱ्या लांबीचे सिलिंडर घेतले, तर ते बाहेर डोकावणार नाही. दुकानदार हाताला येईल ते देतो आणि आपण घेतो, ही खरी गोम आहे.

किमान कुलपासोबत येणारा कागदी साचा तरी सुधारावा. दाराच्या कडेवर दुमडताना तो हमखास सरकतो. त्याऐवजी दाराला चिमट्यासारखा बसणारा आणि ड्रिलला सरळ वाट दाखवणारा प्लॅस्टिकचा साचा खोक्यात दिला, तर कच्चा हातही सावरेल.

सागवान
सगळी चर्चा दाराच्या पानाभोवती फिरते आहे, चौकटीकडे कोणी पाहतच नाही. आमच्या रत्नागिरीकडे मे महिन्यात अचूक बसवलेले कुलूप जुलैत लागत नाही, कारण लाकूड रुंदीत फुगते, वरची बिजागरी जराशी ढिली होते आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या धातूच्या पट्टीतल्या भोकाच्या खाली आपटते. मग प्रत्येक घरी कानस घेऊन भोक मोठे केले जाते आणि दिवाळीनंतर दार खडखडू लागते. माझ्या दृष्टीने बसवायला सोपे कुलूप तेच, ज्याची चौकटीवरची पट्टी स्क्रू सैल करून वर-खाली सरकवता येते.

कोयंडा
सरकणारी पट्टी म्हणजे लांबट भोके, आणि लांबट भोकांत स्क्रूची पकड कमी. लाथ बसली की आधी तीच निखळेल.

रंधा
यावर तोड आहे आणि ती स्वस्त आहे. पट्टी एका पावसाळ्यात लांबट भोकांवर चालवावी. जागा पक्की कळली की तिच्यातच ठेवलेल्या दोन गोल भोकांतून तीन इंची स्क्रू चौकटीत खोल उतरवावेत. खोक्यात येणारे पाऊण इंची स्क्रू चौकटीला जेमतेम ओरखडतात, आणि कुलूप कितीही महागाचे असले तरी लाथेचा मार शेवटी त्या स्क्रूंवरच येतो. उत्पादकांनी अशी पट्टी काढली, तर मी आनंदाने बसवीन. ५४ मिलिमीटरच्या भोकाला मात्र माझा विरोध कायम आहे.