सालमन पिंक कोळ्याच्या पिल्लाला खायला काय देऊ? मीलवर्म की रातकिडे? (नागपूर)

मानेवाडा_८पाय:
नमस्कार मंडळी. दीड महिन्याआधी सालमन पिंक टॅरेंटुलाचं (मोठ्या केसाळ कोळ्याचं) पिल्लू आणलं, पाय पसरून बसलं की जेमतेम एक रुपयाच्या नाण्याएवढं, बारीक भोकं पाडलेल्या डबीत ठेवलंय, खाली ओलसर कोकोपीट (नारळाचा भुसा). अडचण खाण्याची आहे. पक्ष्यांच्या दुकानात मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) मिळतात पण ते चांगले इंचभर लांब, माशांच्या दुकानात रातकिडे आणि सुपरवर्म (तशाच अळ्या) आहेत ते त्याहून मोठे. परवा एक मीलवर्म जिवंतच सोडला तर तो सरळ मातीत घुसला, आता कुठं आहे पत्ता नाही. आणि पिल्लानं नऊ दिवसांपासून काहीच खाल्लं नाही, कोपऱ्यात बसून राहते. आई म्हणते घरातलं झुरळ पकडून दे न, काय फरक पडते. मला खूप टेन्शन आलंय, उपाशी मरणार तर नाही न?

गोकुळपेठचा_कोळीवाला:
भाऊ बाकी सगळं नंतर, आधी आज रात्रीच तो मीलवर्म शोधून काढजो. चमच्यानं हळूहळू कोकोपीट उकर, पिल्लू ज्या कोपऱ्यात आहे तिथं हात लावू नको. पिल्लू उपाशी मरणार नाही, टॅरेंटुला खूप दिवस खाण्याशिवाय राहते, फक्त पाणी पाहिजे. पण नऊ दिवस खात नाही म्हणजे बहुतेक कात टाकायची तयारी सुरू आहे. पोट बघ, फुगलेलं, चकचकीत आणि मागून काळपट दिसते का? तसं असलं तर काहीच देऊ नको. कात टाकताना ते पाठीवर उलटं पडते आणि अंग एकदम मऊ असते, अशा वेळी मातीतला किडा वर आला तर तोच त्याला कुरतडते.

आता किडा कोणता ते. खरं सांगू तर या वयात किडा कोणता यापेक्षा केवढा आणि कसा दिला हे महत्त्वाचं आहे. पिल्लाच्या पोटाच्या लांबीपेक्षा मोठा नको. इंचभर मीलवर्मच आहे तर काप त्याला, अर्ध्या सेंटीमीटरचा तुकडा, आतला पांढरा गर दिसला पाहिजे, आणि तो तुकडा चिमट्यानं बिळाच्या तोंडाशी ठेवून दे. लहान पिल्लं मेलेलं आरामात खातात, रातकिड्याची मागची जाड तंगडी दिली तरी चालते. संध्याकाळी ठेवायचं, सकाळी राहिलेलं काढायचं, नाही तर या पावसाळी दमट हवेत एका दिवसात बुरशी धरते आणि माइट्स (अगदी बारीक किडे) होतात. चार-पाच दिवसांतून एकदा पुरे.

सुपरवर्मचं नाव पण काढू नको, त्याचे जबडे फार मजबूत असतात.

संत्रानगरी_ताई:
वरच्या दादांचं अक्षरशः खरं आहे, माझ्याकडे झालंय म्हणून सांगते. मागच्या वर्षी माझं कर्ली हेअर टॅरेंटुलाचं पिल्लू असंच खात नव्हतं, मी घाबरून एकामागोमाग तीन जिवंत मीलवर्म टाकले, एक खाल्ला असेल असं समजून विसरले. आठवड्यानं बघितलं तर पिल्लू उलटं पडलेलं, अर्धी कात निघालेली आणि पोटाला भोक. मीलवर्म बाजूलाच होता. अजूनही आठवलं की पोटात कालवते. तेव्हापासून डोकं चिमट्यानं दाबल्याशिवाय मी एकही मीलवर्म डबीत टाकत नाही.

आणि कात टाकून झाल्यावर लगेच घाई नको करू. दात आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे झाले की खायला द्यायचं, एवढ्या लहान पिल्लाला साधारण चार-पाच दिवस लागतात.

आईला सांग, घरातलं झुरळ अजिबात नाही. आपण सिंकखाली झुरळांचं औषध मारतो, जेल लावतो, ते खाऊन फिरणारं झुरळ म्हणजे विषच. शेतातले, बागेतले टोळ पण नको, आपल्याकडे कपाशीवर, संत्र्यावर किती फवारणी होते तुला माहीतच आहे. डासांची कॉइल, लिक्विड पण त्या खोलीत नको, आणि गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद करून घे.

महाल_रेडरनर:
थोडं घरी पैदास करण्याबद्दल. मीलवर्म सोपे आहेत, गव्हाचा कोंडा आणि वर गाजराची नाही तर आलूची चकती, ओलं काही नको. पण आपल्या मे महिन्यात 45 डिग्रीला बंद डब्यात सगळे मरतात, माझे दोनदा गेले, कूलरच्या खोलीत जमिनीवर ठेवले तेव्हा टिकले. रातकिडे मी सोडून दिले, वास फार येते, रात्रभर किर्रकिर्र आणि पाण्याच्या वाटीत बुडून मरतात, कापूस भिजवून ठेवावा लागते.

मला विचारशील तर रेड रनर झुरळं घे. यांची नुकती निघालेली पिल्लं तीन-चार मिलिमीटरची असतात, म्हणजे तुझ्या पिल्लाच्या मापाची, कापाकापी नाही, मातीत पण फारशी घुसत नाहीत, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत आणि गरमी सहन करतात. फक्त झाकण पक्कं पाहिजे, पळतात फार जोरात, आणि एकही बाहेर सोडायचं नाही, आपल्या हवेत ती घरात पसरू शकतात.

धरमपेठ_न्यू:
कॅल्शियम पावडर लावावी का किड्यांना? माझ्या गेकोला (पाळीव पालीला) देताना लावतो.

गोकुळपेठचा_कोळीवाला:
नाही, ते हाडं असणाऱ्यांसाठी. कोळ्याचं बाहेरचं कवच कायटिनचं असते. त्यापेक्षा किड्यांना एक दिवस आधी गाजर खाऊ घाल, तेच पोटात जाते.

मानेवाडा_८पाय:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. त्या रात्रीच मीलवर्म सापडला, पिल्लापासून दोन बोटांवर होता, हात थरथरत होता काढताना. पोट खरंच काळपट होतं. काल सकाळी बघतो तर कोपऱ्यात चुरगळलेली कात पडलेली आणि बाजूला पिल्लू, पाय आधीपेक्षा लांब, रंग फिकट. दात अजून पांढरेच दिसून राहिले म्हणून फक्त बाटलीच्या झाकणात पाणी भरून ठेवलंय. रविवारी काळे झाले तर मीलवर्मचा तुकडा देतो. महालवाले दादा, रेड रनरची थोडी पिल्लं तुमच्याकडून मिळतील का? मी डबा घेऊन येतो.