शब्दचर्चा : घोड्याची ‘शीर’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा : माळेगावच्या यात्रेत (ता. लोहा, जि. नांदेड) घोडेबाजारात एक जण म्हणत होता, “पाय टाकंना, शीर आखडली.” दुसरा म्हणाला, “आखडली नाही, दबली.” ही शीर रक्ताची, की मज्जातंतू?

उत्तर : आपल्याकडं तिन्हीला शीर म्हणतात. कापल्यावर रक्त येतं ती शीर, मुंग्या येतात ती शीर, आणि ‘धोंडशीर’ म्हणतो ती तर टाचेवरची जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. माणसाचं बोलताना संदर्भावरून भागतं. घोड्याच्या पायात भागत नाही. पुढच्या गुडघ्याखाली त्याला मांस जवळजवळ नसतंच. वरच्या स्नायूंच्या लांब कंडरा थेट खुराकडं उतरतात. खुराच्या वरच्या सांध्याला मागच्या अंगानं बाजूला बोट फिरवून बघा, कातडीखाली दोरा सरकल्यासारखा लागतो. तिथं नीला, धमनी आणि मज्जातंतू, पुढून मागं याच क्रमानं, खेटून असतात. पशुवैद्य तिथंच मज्जातंतूजवळ बधिर करायचं इंजेक्शन देतात. लंगडणं थांबलं, तर दुखणं त्या जागेच्या खाली.

आखडते ती कंडरा किंवा स्नायू. दबतो तो मज्जातंतू. म्हणजे त्या दोघांनी दोन वेगळे आजार सांगितले. दबण्याचा चांगला दाखला तोंडावर मिळतो : घोडं एका कुशीवर बराच वेळ पडून राहिलं आणि म्होरकीची (तोंडाला बांधायच्या दोरीची) कडी गालाखाली रुतली, तर चेहऱ्याचा मज्जातंतू दबून ओठ एका बाजूला ओढला जातो.

विचारणा : पुस्तकात ‘चेतातंतू’ असतं, ते वेगळं?

उत्तर : तेच. मज्जासंस्था, चेतासंस्था दोन्ही चालतात. माशी बसली की घोडं तेवढीच कातडी थरथरवतं, ते याच तंतूंचं काम. निरोप कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच हुकूम सुटतो.

आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. ‘सगळ्या शिरा ताठल्या’ असं कुणी म्हटलं, तर तेल चोळत बसू नका. खुरात खिळा गेल्यावर धनुर्वात होतो, आणि घोड्याला तो फार लवकर धरतो. त्याचं विष स्नायूंना सैल सोडणारा निरोपच अडवतं; शिरा बिचाऱ्या जागेवरच असतात. कान ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढं आलेला दिसला, की त्याच घडीला डॉक्टरला बोलवा आणि ‘शीर’ न म्हणता दिसतं तेच सांगा.