भीती दुसऱ्याची, धडधड आपली : हॉरर गेम पाहण्याचे अनुभव

माजघर (धागाकर्ती)

मी स्वतः हॉरर गेम खेळत नाही. दुसरे कोणी ते खेळत असलेले मात्र गेली अनेक वर्षे नेमाने पाहते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. गोष्ट खोटी, राक्षस खोटा, त्यात मरणारही दुसराच, मग तू पांघरूण का ओढून घेतेस, असे मला विचारले जाते. हा धागा त्याच प्रश्नासाठी काढला आहे. आपण कोणाचे खेळ पाहता, त्यांतले नेमके काय अंगावर आले आणि ते का आले असावे, हे सविस्तर लिहावे. ‘फार भीती वाटली’ एवढ्यावर कोणी थांबू नये, ही विनंती. सुरुवात मी करते.

‘ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट’ हा गेम फ्रिक्शनल गेम्स या स्वीडनमधल्या छोट्या कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये आणला. प्युडीपाय या नावाने पुढे जगभर गाजलेला यूट्यूबर फेलिक्स शेलबर्गही स्वीडिशच, आणि सुरुवातीला त्याचे नाव झाले ते मुख्यतः याच गेममध्ये त्याने फोडलेल्या किंकाळ्यांमुळे. या गेममध्ये खेळणाऱ्याजवळ एकही शस्त्र नसते. अंधारात फार वेळ थांबले तर त्याचे भान ढळू लागते, उजेड करावा तर कंदिलातले तेल संपत जाते, आणि राक्षसाकडे नुसते पाहिले तरी डोळ्यांपुढचे चित्र डचमळू लागते. त्यामुळे खेळणारा कुठल्यातरी कोपऱ्यात शिरतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ज्याच्या हातात माऊस आहे त्याने हे निदान स्वतः ठरवलेले असते. माझ्यापुढे मात्र नुसती ओलसर दगडी भिंत असते, पाठीमागे काहीतरी खुरडत चाललेले ऐकू येते, आणि वळून पाहावे की पाहू नये हे ठरवण्याचा मला काडीचाही अधिकार नसतो.

यातला पाण्याने भरलेल्या तळघराचा भाग मी अनेकांच्या चित्रणांत पाहिला आहे. तिथे राक्षस दिसतच नाही. घोटाभर पाण्यात त्याची पावले पडली की तेवढे पाणी उडते. खेळणारा एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत पुढे सरकतो, आणि शेवटी एक दार असे येते की पाण्यात उतरल्यावाचून गत्यंतर नसते. या गेममध्ये दार एका बटणाने उघडत नाही. ते माऊसने धरून खरोखरच ओढावे लागते, आणि घाबरलेला माणूस हमखास ते उलट्या बाजूला ढकलतो. मागे पाणी उडते आहे, पुढे दार अर्धवट उघडून परत बंद होते आहे आणि खेळणारा दात-ओठ खाऊन पुटपुटतो आहे, एवढ्यावरच माझी छाती धडधडू लागते. राक्षस त्या वेळी किती लांब असतो, हे मला कधीच कळलेले नाही.

साउंडवाला

माजघर ताई, धाग्याबद्दल आभार. मी मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत काम करतो, त्यामुळे मी हे खेळ डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहतो, असे म्हणायला हरकत नाही.

१९९९ साली कोनामी या जपानी कंपनीने प्लेस्टेशनवर आणलेला ‘सायलेंट हिल’ घ्या. त्यातल्या नायकाजवळ एक लहान रेडिओ असतो आणि एखादे भयंकर जनावर जवळ आले की तो खरखरू लागतो. खरे तर ही खेळणाऱ्याला केलेली मदत आहे, परंतु काही वेळातच ती मदत शिक्षा होऊन बसते, कारण गावभर दाट धुके असते, खरखर कोणत्या बाजूने येते आहे हे रेडिओ सांगत नाही आणि तो शांत असला तरी केव्हा बोलेल याकडेच सगळे लक्ष लागून राहते. ते धुके तरी का, तर त्या काळच्या यंत्राला लांबपर्यंतचे रस्ते आणि घरे एका वेळी रेखाटणे झेपत नव्हते. ती उणीव झाकण्यासाठी धुके आणि काळोख वापरला गेला. पुढे यंत्रे ताकदवान झाली, तरी धुके मात्र राहिलेच.

२०१२ साली आलेला ‘स्लेंडर : द एट पेजेस’ हा मार्क हॅडली यांचा फुकट मिळणारा गेम याहूनही साधा होता. रात्रीच्या रानात हिंडून आठ चिठ्ठ्या गोळा करायच्या, बाकी काही नाही. पहिली चिठ्ठी हाती आली की दुरून जड पावलांसारखा एक ठोका सुरू होतो, आणि चिठ्ठ्या वाढत जातात तसे त्यावर आणखी आवाज चढत जातात. म्हणजे जिंकण्याच्या जवळ जाणे आणि संकटात सापडणे या दोन्ही गोष्टी एकाच कृतीने घडतात. त्या वर्षी यूट्यूब या गेमने भरून गेले होते, आणि त्यातले बरेचसे लोक पाच-सहा चिठ्ठ्यांच्या पुढे जात नसत.

पाहणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. घाबरलेला स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ लोकांना दाखवणारा खेळाडू, आवाज खाली आणतो. तो कुजबुजू लागला की आपण नकळत फोनचा किंवा हेडफोनचा आवाज वाढवतो. मग जंप स्केअर, म्हणजे दचकवण्यासाठी एकाएकी अंगावर येणारे दृश्य, येतो तेव्हा गेमचा कर्कश आवाज आणि माणसाची किंकाळी, दोन्ही एकदम आणि आपणच वाढवून ठेवलेल्या पातळीवर कानात शिरतात. खेळणाऱ्याला बसतो त्याहून मोठा धक्का आपल्याला बसतो तो यामुळे, आणि त्याचे श्रेय गेम बनवणाऱ्याला देण्याचे काही कारण नाही. उगाच दर दोन मिनिटांनी ओरडणारे स्ट्रीमर मी म्हणूनच पाहत नाही. जो मुळात कुजबुजतच नाही, त्याच्या ओरडण्यात काही अर्थ उरत नाही.

उलट २०१४ चा ‘एलियन : आयसोलेशन’ पाहावा. कन्सोलला मायक्रोफोन जोडून खेळण्याची सोय त्यात होती, आणि ती चालू ठेवली तर खेळणाऱ्याच्या खोलीतला आवाजही त्या परग्रहावरच्या प्राण्याला ऐकू जात असे. बोलणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी गप्प कसे बसावे? एका लॉकरमध्ये श्वास रोखून बसलेला स्ट्रीमर, चॅटमध्ये प्रेक्षकांचे धडाधड येणारे प्रश्न आणि त्यांना मानेनेच दिलेली उत्तरे, असे एक चित्रण मी पाहिले होते. त्यात शेवटी काहीही घडले नाही आणि तेच मला सर्वांत जास्त आवडले.

सायंकाळचीशाळा

माझा अनुभव मुलामुळे आला. तो अकरा वर्षांचा आहे आणि वर्गातल्या मुलांनी सांगितल्यावरून त्याला ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ पाहायचे होते. त्याने एकट्याने पाहण्यापेक्षा मी शेजारी बसलेले बरे, असा विचार करून मार्किप्लायर या यूट्यूबरची जुनी चित्रणे आम्ही दोघांनी मिळून पाहिली.

हा गेम स्कॉट कॉथन यांनी २०१४ मध्ये आणला. तुम्ही एका पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीचे पहारेकरी असता आणि मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खुर्चीतून उठता येत नाही. हॉटेलातल्या यांत्रिक बाहुल्या रात्री हिंडू लागतात. त्यांच्यावर कॅमेऱ्यांतून नजर ठेवायची आणि त्या जवळ आल्या की डावे किंवा उजवे दार बंद करायचे. परंतु कॅमेरा, दिवा आणि दार या सर्वांना वीज लागते आणि वीज मोजकीच असते. वीज संपली की दोन्ही दारे आपोआप उघडतात, सगळीकडे काळोख होतो आणि डाव्या दारात एका अस्वलाचा चेहरा संगीताच्या तालावर लुकलुकू लागतो.

माजघर यांच्या गेममध्ये पाहण्याची बंदी होती, इथे पाहिल्यावाचून सुटका नाही, कारण पडद्याआड उभ्या असलेल्या कोल्ह्याकडे फार वेळ दुर्लक्ष केले की तो बाहेर पडून सरळ धावत येतो. आणि सतत पाहत राहावे तर वीज जाते. मला घाम फुटला तो बाहुल्यांमुळे नव्हे. पहाटेचे पाच वाजले आहेत, तीन टक्के वीज उरली आहे आणि हा गृहस्थ गप्पांच्या नादात डावे दार बंदच ठेवून बसला आहे, हे मला दिसत होते आणि त्याला दिसत नव्हते. मुलगा पडद्याकडे पाहून म्हणत होता, “अरे, दार उघड की! कशाला जाळतोस वीज?” तो अजिबात घाबरला नव्हता, हिशेब चुकत असल्याचा त्याला मनापासून राग आला होता.

याला जोडून पालकांना एक सांगते. मऊ खेळण्यांसारखी गोजिरवाणी पात्रे असलेले बरेच हॉरर गेम गेल्या काही वर्षांत आले आहेत, आणि चित्रणाच्या मुखचित्रावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. पहिली दहा मिनिटे आपण स्वतः पाहावीत.

रात्रपाळी

मला भीती वाटत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मी जर्मनीत शिकतो, एकटा राहतो आणि रात्री मॅन्लीबॅडासहिरो या यूट्यूबरची चित्रणे लावून स्वयंपाक करतो. तो चेहरा दाखवत नाही, ओरडत नाही. शांत आवाजात प्रत्येक चिठ्ठी वाचतो आणि समोर कापलेले डोके आले तरी सभ्यपणे ‘अरेरे’ म्हटल्यासारखे काहीतरी बोलतो. घरात कोणीतरी आहे असे वाटते. भीतीसाठीच हे पाहावे, असा काही नियम नाही.

आंब्याचीवाडी

रात्रपाळी, हे पटले. परंतु माझे उदाहरण बरोबर उलटे आहे. आमचे घर रत्नागिरीकडचे. लहानपणी आजीकडून चकवा लागलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या होत्या : ओळखीची पाणंद, नेहमीची वाट, आणि तरी माणूस रात्रभर चालून पुन्हा पुन्हा त्याच झाडाखाली येतो. ‘पी. टी.’ पाहताना मला त्या गोष्टींतल्या भीतीची पुरेपूर आठवण झाली.

‘पी. टी.’ हा १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशन ४ साठी फुकट दिलेला एक लहानसा नमुना होता. तो सोडवला की कळत असे, की गेम बनवणारे हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो मिळून ‘सायलेंट हिल्स’ नावाचा नवा गेम करणार आहेत. त्यात आहे काय, तर काटकोनात वळणारा घरातला एक बोळ. टोकाच्या दारातून बाहेर पडले की आपण त्याच बोळाच्या सुरुवातीला येतो. घड्याळ, फोटो, रेडिओवरची बातमी, न्हाणीघराचे बंद दार, सगळे जिथल्या तिथे. पुढच्या फेरीत त्यातले काहीतरी एक बदललेले असते. दार किंचित किलकिले असते. दिवा हलत असतो. मी पाहत असलेला स्ट्रीमर पहिल्या फेऱ्यांत भराभर चालत होता. नंतर तो इतका सावकाश चालू लागला, की वळणापर्यंतच्या दहा पावलांना त्याने अर्धे मिनिट लावले. वळणापलीकडे काही नव्हते. त्याच्या मागच्या फेरीतही नव्हते.

माझ्याजवळ प्लेस्टेशन नव्हते, त्यामुळे दुसऱ्याचे पाहणे एवढाच मार्ग होता. पुढे एप्रिल २०१५ मध्ये तो मोठा गेम रद्द झाला, कोनामीने ‘पी. टी.’ दुकानातून काढून टाकला, आणि ज्यांनी आधीच उतरवून घेतला नव्हता त्या सर्वांची गत माझ्यासारखीच झाली. २०१९ साली लान्स मॅक्डॉनल्ड या मॉडरने, म्हणजे गेममध्ये आतून फेरफार करणाऱ्याने, कॅमेरा खेळणाऱ्याच्या डोळ्यांपासून सोडवून पाहिला, तेव्हा आढळले की हातात विजेरी आल्यापासून लिसा नावाची ती भुताटकीची बाई खेळणाऱ्याच्या पाठीला जवळजवळ चिकटूनच चालत असते. जी सावली आणि जे श्वास आम्ही भास समजत होतो, ते तिचेच होते. हे कळल्यावर मी तीच जुनी चित्रणे पुन्हा पाहिली, आणि या खेपेस मला ती दिवसाच पाहावी लागली.

चौघेजण

मी दुसऱ्या बाजूचा आहे. कोल्हापुरात असताना आम्ही चार मित्र ‘फास्मोफोबिया’ हा झपाटलेल्या घरात भूत शोधण्याचा गेम खेळून तो थेट प्रक्षेपित करत असू. पाहणारे थोडेच होते, बहुतेक आमचेच भाऊ आणि वर्गमित्र.

आधी प्रांजळपणे सांगतो, की स्ट्रीमरच्या घाबरण्यात निम्मा अभिनय असतो. फेसकॅम, म्हणजे चेहरा दाखवणारा कॅमेरा, चालू असला की माणूस तोंड वाकडे करतोच. परंतु उरलेला निम्मा भाग खरा असतो आणि तो कधी येईल हे आपल्या हातात नसते. हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये आला. त्यातले भूत तुमचे बोलणे ऐकते. त्याला इंग्रजीत प्रश्न विचारले तर ते उत्तरही देते. भुताची शिकारीची वेळ सुरू झाली की मात्र जो बोलेल त्याच्या आवाजाच्या रोखाने ते येते, आणि तेव्हा तुम्ही कोणत्या भाषेत बोलता याने काही फरक पडत नाही. एकजण कपाटात, एकजण पलंगाआड, आणि “गप की लेका, गप!” हे जो सांगेल तोच पहिला मरणार, अशी अवस्था असे.

मेलेल्या खेळाडूचा आवाज जिवंतांना ऐकू येत नाही, हा या गेमचा खरा कळस आहे. मित्र जिना चढताना वॉकीटॉकीवर बडबडत असतो, खरखर होते आणि वाक्य अर्ध्यात तुटते. किंकाळी नाही, रक्त नाही. पाहणाऱ्या मंडळींना आमच्यापैकी एकाचाच पडदा दिसत असल्यामुळे, वर काय झाले ते त्यांनाही कळत नसे, आणि चॅटमध्ये त्याचे नाव घेऊन ‘कुठे गेला?’ असे सगळे आम्हालाच विचारू लागत. त्यानंतर जिना चढायला कोणी तयार होत नसे. एकदा आम्ही तिघे गेममधल्या गाडीत बसून बराच वेळ नुसते भांडलो आणि वर न जाताच गाडी काढली.

माजघर (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. चौघेजण, तुम्ही सांगितलेले अर्धे वाक्य आणि माझी ती भिंत एकाच जातीची दिसतात. दोन्हीकडे आपल्याकडून काहीतरी काढून घेतलेले आहे, तुमच्याकडून कान आणि माझ्याकडून मान. या दृष्टीने २०२२ चा ‘आयर्न लंग’ जरूर पाहावा. डेव्हिड शिमान्स्की यांचा हा लहानसा गेम आहे. रक्ताच्या समुद्रात एका गंजक्या पाणबुडीतून जायचे, आणि तिची खिडकी पक्की बंद केलेली आहे. बाहेरचे पाहायचे तर एक बटण दाबून फोटो काढायचा. तो थोड्या वेळाने कृष्णधवल, ठिपक्याठिपक्यांचा असा पडद्यावर उमटतो. पाणबुडी चालवण्याची बटणे एका टोकाला, फोटोचा पडदा दुसऱ्या टोकाला, त्यामुळे फोटो पाहताना सुकाणूकडे पाठ असते. मार्किप्लायरने या गेमचे चित्रण तर केलेच, पुढे त्यावर स्वतः दिग्दर्शन करून चित्रपटही काढला.

चित्रणात मी पाहते ती बटण दाबल्यानंतरची दोन-तीन सेकंदे. एरवी अखंड बोलणारे लोक तेवढा वेळ बोलायचे थांबतात. साउंडवाला, या गेमच्या आवाजांबद्दल तुम्ही लिहिलेत तर वाचायला आवडेल. लोखंड करकरण्याचे जे आवाज आहेत, त्यातले पाणबुडीचे कोणते आणि बाहेरचे कोणते, यावर माझा आणि धाकट्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही.